उमेदवारी की हमाली?

‘उमेदवारी’ हा शब्द आता निवडणुकांनी पळविला आहे. परंतु आमच्या पणजोबांच्या काळी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत किंवा पेढीवर मुलाने बिनपगारी बसावयाचे, दऊत भरावयाची, दप्तर बांधावयाचे, कारकुनाच्या खांद्यावरून डोकावून मोडी व जमाखर्च दिसेल तेवढा टिपावयाचा, आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, यास उमेदवारी म्हणत. १९६१ च्या कायद्यान्वये कारखान्यांत जे शिकाऊ घेतले जाऊ लागले, त्यांस सरकारी भाषेत ‘शिकाऊ उमेदवार’ असेच नाव मिळाले. खेदाची गोष्ट ही की, शब्दाबरोबर जुनी रीतही पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली आहे. मुलगा यंत्र शिकावयास येतो आणि वर्षभर माल उचलतो. यास शिक्षण म्हणावे की हमाली, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही स्पष्टच विचारतो की, दुकानात नवा मुलगा आला असता त्यास काम शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हे आपल्या पेढीत ठरले आहे काय? बहुधा नाही. तो पाहून पाहून शिकेल. चुकला तर चार गिऱ्हाइकांदेखत त्याची खरडपट्टी काढली म्हणजे झाले! मोठ्या कंपन्यांची तऱ्हा याच्या उलट. त्या वर्षातून एक दिवस हॉटेलातील दालन भाड्याने घेतात, बाहेरून व्याख्याते आणतात, पडद्यावर अक्षरे झळकतात, भोजन उत्तम होते, आणि सायंकाळी ‘कार्यक्रम कसा वाटला’ हे छापील कागदावर लिहवून घेऊन मंडळी घरोघर जातात. कार्यक्रम आवडला म्हणजे विद्या आली, अशी ही समजूत आहे.

ती किती फसवी आहे, हे विलायतेतील टपालखात्याच्या एका प्रयोगावरून दिसून येते. तेथे टपालवाल्यांस टंकलेखन शिकवावयाचे होते. बॅडली व लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. एका गटास रोज एकच तास शिकविले, दुसऱ्यास दोन दोन तासांच्या दोन बैठकी, म्हणजे रोज चार तास. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रोज तासभर शिकणाऱ्यांस कळफलक अवगत होण्यास सुमारे ३५ तास लागले, चार तासवाल्यांस सुमारे ५०. आणि गंमत ही की, ज्यांचे शिक्षण उत्तम झाले तेच सर्वांत असंतुष्ट होते. कारण दुसरे गट दिवसांच्या हिशेबाने पुढे गेलेले त्यांस दिसत होते. ‘कसा वाटला’ हा कागद तेथे प्रमाण मानला असता, तर उत्तम पद्धतीच बाद झाली असती! तासांची बचत दिवसांच्या खर्चाने होते, हे मात्र आम्ही लपवीत नाही. दिवाळीच्या तोंडावर माणूस नेमून आठ दिवसांत तो तयार मागणाऱ्या शेटजींस हा उपाय मानवणार नाही. त्यांनी माणूस गणपतीतच नेमावा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत लक्षावधी नवखी माणसे, त्यांत पुष्कळ स्त्रिया, घ्यावी लागली. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तेथील सरकारने जी योजना चालविली, तिने आधी मुकादमास शिकवावे कसे हे शिकविले. मुकादमाने प्रथम काम तुकड्यांत फोडावे आणि प्रत्येक तुकड्याचे मर्म कागदावर मांडावे. मग शिकाऊची भीती घालवून त्यास आधी काय येते ते विचारावे, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे व करता करता मर्म त्याच्याच तोंडून वदवावे. नंतर अडल्यास कोणास विचारावे हे सांगून त्यास मोकळे सोडावे, पण अधूनमधून फेरी मारावी. कापडाच्या दुकानातील जुना गुमास्ता नव्यास ‘बघ, असे मोजायचे’ एवढेच सांगतो. मोजताना कापड ताणू नये, हे मर्म सांगावयाचे राहते, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन बोटभर कमी भरल्याची तक्रार घेऊन येते. शिकणाऱ्यास आले नाही तर दोष शिकविणाऱ्याचा, हे त्या योजनेचे मुख्य सूत्र होते. आमच्याकडे हे सूत्र नेमके उलटे आहे.

कोणी म्हणेल, सर्व शिकविले तर उद्या तो शेजारच्या दुकानात जाईल. जाईल खरा. पण हातचा राखून शिकविण्याच्या याच वृत्तीने आमच्या देशातील कसबे एकेका जातीच्या व घराच्या उंबरठ्याआड कोंडली गेली, आणि घर बुडाले की कसबही बुडाले. न शिकविलेला मनुष्य आपल्याकडेच तीस वर्षे राहिला तर काय, याचा हिशेब शेटजी कधी करतात काय?

शिकणाऱ्यांसही दोन शब्द. पुस्तक पुनःपुन्हा वाचल्याने येते, ही घोकंपट्टीची समजूत. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांस आठवड्याने ४२ टक्के आठवला. एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांस ५६ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते, म्हणूनच तर मनुष्य फसतो! रात्री वही मिटून दिवसभरात शिकलेले कोऱ्या कागदावर लिहून पाहण्यास फी पडत नाही.

आता भाषेविषयी. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्याची कारणे अनेक होती. पण कामगारांच्या शिक्षणाचा काळ काटकसरीपायी आखडला होता, आणि यंत्रे चालविण्याच्या सूचना ज्या इंग्रजीत होत्या ती अनेकांस नीट येत नव्हती, हे पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात कामगारास सुरक्षिततेचे शिक्षण मागण्याचा हक्क घातला गेला. असे असता, यंत्रावर पाटी इंग्रजीत आणि यंत्रापाशी मराठवाड्यातील किंवा बिहारमधील मुलगा, हा देखावा आमच्या औद्योगिक वसाहतींत अपूर्व नाही. मालकांनी उद्या सकाळी त्या मुलापाशी उभे राहून पाटीवर काय लिहिले आहे ते त्यास विचारावे, आणि त्याचे उत्तर मुकादमाकडून न मागविता स्वतःच्या कानांनी ऐकावे.