सगळं ब्राउझरमध्ये चालतं, मग कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर अजून कशाला टाकावं लागतं?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देशभर पोहोचलं. मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण आणि १ सप्टेंबरचा लाठीमार, यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दूतली दप्तरं स्कॅन झाली.

पण नोंद सापडली की पुढचा टप्पा असतो कुणबी प्रमाणपत्राचा. त्याचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर, म्हणजे ब्राउझरमध्ये भरता येतो. सेवा केंद्रात जाऊन पाहिलं, तर मात्र कॉम्प्युटरवर ब्राउझरशिवाय बरंच काही टाकलेलं दिसतं. असं का?

आधी काय होतं?

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाच्या सुरुवातीला नोंदी तहसील कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरच असायच्या. सॉफ्टवेअर थेट त्या मशीनवर टाकलेलं असे. याला 'नेटिव्ह' म्हणजे त्या कॉम्प्युटरसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर म्हणतात. त्यात बदल करायचा तर प्रत्येक मशीनवर जावं लागायचं. वेबमुळे हा त्रास संपला. बदल एकदा सर्व्हरवर केला की सगळीकडे दिसतो. म्हणूनच आज डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या डाउनलोड होतो.

वेबची ताकद किती वाढली?

२००४मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स. वेबपेज म्हणजे फक्त वाचायचं पान, ही समजूत तिथेच मोडली. २०२१मध्ये फोटोशॉपसारखं जड सॉफ्टवेअरही ब्राउझरमध्ये आलं. व्हॉट्सॲपचा प्रवास तर आणखी बोलका आहे. कंपनीने २०२२मध्ये विंडोजसाठी खास नेटिव्ह ॲप दिलं आणि २०२५मध्ये पुन्हा वेबवर चालणारं ॲप आणलं. एकच कोड सगळीकडे चालला की कंपनीचा खर्च वाचतो. पण असं ॲप रॅम जास्त खातं. त्याचा फटका जुना कॉम्प्युटर वापरणाऱ्याला बसतो.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण यंत्रांची. ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला एका बंद खोलीत ठेवतो. तसं नसतं तर कुठल्याही साइटने तुमच्या पेनड्राइव्हमधल्या फाइल्स वाचल्या असत्या. पण याच सुरक्षेमुळे थंब मशीन, स्कॅनर किंवा अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचं डोंगल यांच्याशी वेबसाइटला थेट बोलता येत नाही.

पूर्वी ही वाट जावा ॲप्लेटसारख्या प्लगइनमधून काढली जायची. त्यात धोके होते. २०१५मध्ये क्रोमने अशा जुन्या प्लगइनचा आधार पूर्ण बंद केला. आता कॉम्प्युटरवर एक छोटा नेटिव्ह प्रोग्रॅम टाकतात आणि वेबपेज त्याच्यामार्फत यंत्राशी बोलतं. आधारच्या थंब मशीनसाठी लागणारी 'आरडी सर्व्हिस' ही अशीच. ती बंद पडली, तर पोर्टल नीट चालू असूनही अंगठा घेतला जात नाही.

क्रोमने २०१७मध्ये यूएसबी यंत्रांशी थेट बोलण्याची सोय दिली. फायरफॉक्स आणि सफारीने ती स्वीकारली नाही.

नेट गेलं तर?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आंदोलन पुन्हा तापलं, तेव्हा अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही काळ इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. अशा वेळी ज्या कामाचा सगळा भार सर्व्हरवर असतो, ते काम थांबतं. ॲडमिशनची तारीख जवळ आलेल्या विद्यार्थ्याला एक दिवसही महाग पडू शकतो.

याउलट आधार नोंदणीच्या ईसीएमपी या नेटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये नेट नसतानाही नोंदणी करून नंतर अपलोड करायची सोय ठेवलेली होती.

म्हणजे वेब कमी पडतं का?

पूर्णपणे नाही. 'सर्व्हिस वर्कर' या तंत्राने वेबसाइटही अर्ज कॉम्प्युटरवरच साठवू शकते आणि नेट आल्यावर पाठवू शकते. पण ही सोय आपोआप मिळत नाही. ती पोर्टल बनवतानाच ठरवून द्यावी लागते.

थोडक्यात, फॉर्म भरणं, यादी शोधणं, दाखला डाउनलोड करणं ही स्क्रीनवरची कामं वेब सहज करतं. अंगठा, स्कॅन आणि डिजिटल सही यासाठी नेटिव्ह प्रोग्रॅम अजून लागतो. त्यामुळे नवं सरकारी पोर्टल आलं की ते दिसायला कसं आहे, यापेक्षा दोन प्रश्न विचारायला हवेत. नेट मध्येच गेलं तर भरलेला अर्ज टिकतो का? आणि तो भरण्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं काय टाकावं लागतं? सेवा केंद्रातली रांग किती वेळ ताटकळणार, हे बऱ्याचदा या दोन उत्तरांवर ठरतं.