अ‍ॅस्टोरियाचे सभागृह

अमेरिकेचे नाव निघाले म्हणजे आमच्या व्यापारी बंधूंच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती आणि कोट्यधीशांच्या तिजोऱ्या उभ्या राहतात. त्या देशाचा खरा कस पाहावयाचा तर लहान गावांत पाहावा. ओरेगॉन संस्थानात, कोलंबिया नदीच्या मुखाशी, अ‍ॅस्टोरिया नावाचे सुमारे दहा हजार वस्तीचे नगर आहे. 1811 साली जॉन जेकब अ‍ॅस्टर या धनिकाच्या कंपनीने केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी तेथे ठाणे घातले. पुढे मात्र नगर पोसले ते साल्मन मासळीने व लाकडाने. जाळी टाकणाऱ्यांत फिनलंडचे लोक पुष्कळ. कारखान्यांत डबे भरणारे हात बहुधा चिनी.

रात्र, नाव आणि जीव कोळ्याचा. भाव मात्र ठरवी कारखानदार! 1896 साली भावासाठी संप झाला, फौज आली, तरी मागितलेला भाव पदरी पडला नाही. तेव्हा अर्जविनंत्यांचे दळण दळीत न बसता कोळ्यांनी भागभांडवल जमवून स्वतःचाच सहकारी कारखाना काढला. त्याच्या आसपासच्या वस्तीस आजही युनियनटाउन म्हणतात. फिनिश समाजवाद्यांनी 1907 पासून ‘तोवेरी’ हे पत्र चालविले आणि सभागृहही उभारले.

नगराच्या पूर्व अंगास हॅमंड यांची लाकूडगिरणी होती. तीत पंजाबातून आलेले हिंदी मजूर खपत. दिवसभर ओंडक्यांशी झगडणाऱ्या या परदेशस्थांस फिनिश मजुरांनी आपले सभागृह खुले केले, आणि तेथेच 1913 साली गदर पक्षाचा पाया घातला गेला. सोहनसिंग भकना अध्यक्ष व लाला हरदयाळ चिटणीस झाले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे व तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे याच चळवळीतले. पिंगळ्यांस 1915 च्या नोव्हेंबरात लाहोरास फाशी झाली. आम्ही आमच्या वाचकांस विचारतो, आपल्या नगरांतील टोलेजंग सभागृहांपैकी किती सभागृहांत गिरणीचा मजूर संकोचावाचून पाऊल टाकू शकेल?

कोणी म्हणेल, अमेरिकेची ही थोरवी! छे. थोरवी एका दिवाणखान्याची होती, सरकारची नव्हे. याच गिरणीत राबलेले भगतसिंग थिंद 1918 साली अमेरिकन सैन्यात भरती झाले होते. ओरेगॉनच्या न्यायालयाने त्यांस नागरिकत्व दिले. परंतु 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सामान्य माणूस समजतो तोच घ्यावयाचा असे ठरवून ते काढून घेण्याचा मार्ग मोकळा केला. कायद्याचा अभ्यास केलेल्या मनुष्यास हा निर्णय वाचून संताप येतो. कारण त्याच न्यायालयाने अवघ्या काही महिन्यांपूर्वी, 1922 साली, एका जपानी गृहस्थास तो कॉकेशियन वंशाचा नाही म्हणून नाकारले होते. शास्त्र सोयीचे तेव्हा शास्त्र, आणि शास्त्र हिंदी मनुष्याच्या बाजूस झुकताच लोकरूढी! अशा युक्तिवादाची ओळख आम्हांस आमच्या घरच्या धर्मनिर्णयांतून पुरेशी आहेच.

1922 साल अ‍ॅस्टोरियास घातक ठरले. सप्टेंबरात गिरणी जळाली. डिसेंबरात बाजारपेठ पेटली; रस्ते लाकडी खांबांवर उभारलेले असल्यामुळे अग्नी खालून पसरत गेला. गिरणी पुन्हा उभी राहिली नाही, आणि हिंदी मजूर कामाच्या शोधार्थ पांगले. त्यांच्या त्या सभेची शताब्दी अ‍ॅस्टोरियाच्या नागरिकांनी 2013 साली साजरी केली.