गोधडी झटकू नका, आधी भिजवा



घटस्थापना तोंडावर आली की गावोगाव साफसफाई सुरू होते. माळ्यावरच्या गोधड्या, वाकळा, रग, पेटीतल्या चादरी, गेल्या हंगामातलं बारदान सगळं बाहेर निघतं. पावसाळ्यात शेतातली बिळं पाण्याने भरली की उंदीर घरात आणि गोठ्यात शिरतात, त्यामुळे नेमक्या याच कपड्यांत लेंड्या, मुताचे डाग आणि कुरतडलेला कापूस सापडतो. मग आपण काय करतो? गोधडी अंगणात नेतो, दोघं चार टोकं धरतो आणि फटाफट झटकतो. माझं स्पष्ट मत आहे, ही पद्धत आता बंद व्हायला पाहिजे.

उंदराचा विषय निघाला की आपण नुकसान पोत्यात मोजतो. किती कणसं खाल्ली, किती धान्य नासलं, झिंक फॉस्फाईडचं आमिष कधी ठेवायचं. शेतीशाळेतही चर्चा इथेच संपते. उंदीर अंथरुणात जे सोडून जातो त्याबद्दल कुणी बोलत नाही. कारण सरळ आहे. आमिष पुरुष ठेवतात, गोधड्या बायका धुतात.

आपल्याकडे यातला मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. हे जिवाणू उंदराच्या मुतातून बाहेर पडतात आणि ओल असेल तिथे बरेच दिवस तग धरतात. हातापायाच्या चिरा, जखमा, डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतात. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे. गुरांनाही हा रोग होतो आणि गाभण गाय गाभडू शकते. म्हणजे उंदराने मुतलेलं पोतं गोठ्यात अंथरणं हाही धोकाच. लेंड्यांमधून साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू येतात ते वेगळे.

दुसरी गोष्ट धुळीची. १९९३ साली अमेरिकेत हंता विषाणूची साथ आली, तेव्हा वाळलेल्या लेंड्या आणि मुताची धूळ श्वासातून आत गेल्याने माणसं दगावली. तो आजार आपल्याकडे तसा पसरलेला नाही. पण त्यातून निघालेला नियम कुठेही लागू पडतो: उंदराची घाण कोरडी झाडायची नाही, कोरडी झटकायची नाही. आधी ओली करायची.

पिसवांचंही लक्षात ठेवा. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक घराबाहेर राहायला गेले, साठवलेलं धान्य घरातच राहिलं आणि उंदीर माजले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण निघाले, तेव्हा जाणकारांनी या उंदरांकडे बोट दाखवलं. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात. म्हणून कपड्यांत मेलेला उंदीर सापडला तर उघड्या हाताने शेपटी धरून फेकायचा नाही. हातावर पिशवी चढवून उचला, पिशवी उलटवून गाठ मारा आणि खोल पुरा. एकाच ठिकाणी बरेच उंदीर आपोआप मेलेले दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

आता कामाचं बोलू.

खोलीची दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातात रबरी मोजे घाला. नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधा. नाकातोंडावर मास्क हवा. हाताला चीर असेल तर आधी पट्टी लावा. लहान मुलांना लांब ठेवा.

लेंड्या दिसतील तिथे साबणाचं पाणी हलकं शिंपडून पाच-दहा मिनिटं मुरू द्या. मग जुन्या वर्तमानपत्राने टिपून उचला, पिशवीत बांधा, पुरून टाका. पाणी शिंपडायला फवारणीचा पंप वापरू नका, त्यात औषधाचा अंश राहतो.

कपडा आतल्या बाजूला दुमडत गोळा करा आणि अंगाला न लावता थेट टबात टाका. हाताला सोसवणार नाही इतकं गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून अर्धा तास भिजवा. घरातल्या बाकी कपड्यांत मिसळू नका. धुऊन झालं की कडक उन्हात दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवा. लेप्टोचा जिवाणू साबण, उष्णता आणि कोरडेपणा यांपुढे टिकत नाही. शेवटी मोजे घातलेले हात साबणाने धुवा, मोजे काढा आणि पुन्हा हात धुवा.

माळा, फरशी, पेटीचा तळ यांसाठी ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरीचा एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत कालवा. वरचं निवळ पाणी घाणीवर टाकून पाच मिनिटं थांबा, मग पुसून घ्या. हे पाणी रोजच्या रोज ताजं करा. रंगीत गोधडी, लोकर, रेशीम यांना लावू नका, रंग आणि धागा दोन्ही जातील. आणि संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

कापसाची गादी धुता येत नाही. वरची घाण ओली करून टिपा, साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसा आणि दोन-तीन दिवस उन्हात उलटसुलट टाका. आतपर्यंत मूत मुरलं असेल किंवा आत घरटं असेल तर गादीचा मोह सोडा. अशी गादी पिंजाऱ्याकडे देणं मला अजिबात पटत नाही. आपली धूळ त्याच्या छातीत कशाला?

धान्याचं बारदान उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा, मगच भरा. फार खराब असेल तर ते धान्याला वापरूच नका.

यावर एक उत्तर हमखास येतं, "आमच्या आजीने जन्मभर झटकल्या, तिला काय झालं?" आजीच्या काळात ताप यायचा, माणूस जायचं आणि तापाला नाव नसायचं. आजीची कडक ऊन दाखवायची पद्धत मात्र सोळा आणे खरी होती, ती सोडू नका.

उंदरांच्या संपर्कानंतर महिनाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं किंवा कावीळ असं काही दिसलं तर गोळी घेऊन घरी बसू नका. दवाखान्यात जा आणि "उंदरांची घाण साफ केली होती" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकतं.

कृषी सहायक आणि कृषी विद्यापीठांतल्या मंडळींना एक विनंती. उंदीर नियंत्रणाच्या सल्ल्यात आमिषाचं प्रमाण देता तसं घरातली घाण ओली करून काढायच्या चार ओळीही द्या. आणि त्या बैठकीला बायकांना बोलवा, काम त्याच करतात. आपण शेतकऱ्यांनीही फवारणीसाठी मोजे आणतो तेव्हा घरासाठी एक जोडी जास्तीची आणावी. आणि वर्षातून एकदा तरी टबाजवळ स्वतः बसावं.

घर साफ झालं तरी माळ्याची फट तशीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा. करंगळीएवढ्या भोकातून लहान उंदीर सहज येतो. जाळी आणि सिमेंट लावून ती बुजवा, गोधड्या झाकणाच्या पेटीत ठेवा. या नवरात्रात एवढं करून बघा.