तिकीट ठरते तेव्हा आपण कुठे असतो?

पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर प्रशासकराज. जानेवारी 2026 मध्ये एकदाचे मतदान झाले. पण यंत्रावरची नावे कुणी ठरवली? कासारवाडीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी विचारले नाही. एबी फॉर्म बंद दाराआड वाटले जातात. आपल्यापुढे येते ते वाढलेले ताट.

2014 मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या मोजक्या जागांवर उमेदवार मतदानाने निवडले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. पण मत होते पक्षाच्याच लोकांना; सामान्य मतदार बाहेरच. दोन्ही जागा गेल्या आणि प्रयोगही गुंडाळला गेला. माझ्या मते तो फसला नाही, अर्धवट राहिला.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये पक्षात नाव न नोंदवलेला मतदारही एका पक्षाच्या उमेदवार निवडीत मत देतो. इथे का नको? म्हणे, विरोधक येऊन मुद्दाम कमजोर उमेदवार निवडतील. एका मतदाराला एकाच पक्षाच्या पेटीत मत द्या, बोटाला शाई लावा.

आम्हा मुसलमानांना 'गठ्ठा मते' म्हणून हिणवतात. तिकीट देताना विचारायचे नाही, मतदानाच्या आदल्या रात्री मात्र मोहल्ल्यातली मते मोजायची. मग गठ्ठा बांधतो कोण?

मॉनिटरसाठी दोन नावे मीच ठरवून दिली, तर माझ्या वर्गातली मुलेही विचारतील, "सर, मग ही निवडणूक कसली?" हा प्रश्न पक्षांना आपण कधी विचारणार?