होया आणलीत? नावाआधी मुळं बघा

गेल्या दोन महिन्यांत या सदरासाठी आलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून अधिक फोटो होयाचे होते. टिळकवाडीतल्या एका वहिनींनी एकदम तीन कुंड्या आणल्या. शहापूरच्या एका जोडप्याला लग्नाच्या वाढदिवसाला भेट मिळाली. माझा मावसभाऊ तर बेंगळुरूहून येताना रात्रभर बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसला होता. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "ही नेमकी कोणती होया?" आणि त्याच्या पाठोपाठ, "हिला पाणी किती घालायचं?"

मी उत्तर उलट्या क्रमाने देणार आहे. नाव सहा महिन्यांनी कळलं तरी झाडाचं काही बिघडत नाही. मुळं कुजायला मात्र बेळगावच्या जुलैत पंधरा दिवस पुरतात.

होया ही जंगलात झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर राहणारी वेल आहे. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात तिच्या शेकडो जाती आहेत. ती बांडगूळ नाही, झाडाचा रस ती शोषत नाही, फक्त आधार घेते. खोडाच्या खाचेत साठलेला पाला आणि शेवाळ एवढीच तिची माती. पाऊस पडतो, पाणी वाहून जातं, वारा मुळं सुकवतो. म्हणजे तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची सवय असते.

आता नर्सरीतली कुंडी आठवा. काळी प्लास्टिकची पिशवी किंवा छोटी कुंडी, आणि तिच्यात घट्ट दाबलेलं बारीक कोकोपीट. नर्सरीवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्याला शेकडो रोपांना रोज पाणी घालायचं असतं, आणि जाळीखाली ऊन-वारा दोन्ही असल्यामुळे ते कोकोपीट वेळेत सुकतं. तेच आपल्या दिवाणखान्यात, पावसाळी अंधाऱ्या हवेत, आठ-दहा दिवस ओलं राहतं. वरचा थर कोरडा दिसतो, म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो, आणि तळाशी चिखल होतो.

तरीही घरी आणल्या दिवशी कुंडी बदलू नका. माझ्या नोकरीत एक साधी शिस्त असते. प्रोग्राम नीट चालत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. नवीन रोपाचं आपण बरोबर उलटं करतो. जागा बदलतो, कुंडी बदलतो, खत घालतो, हौसेने पानं पुसून तेल लावतो, आणि हे सगळं एकाच रविवारी. पुढच्या रविवारी चार पानं पिवळी पडली तर दोष कशाचा ते कोण सांगणार? नवीन घर, नवा उजेड हाच तिच्यासाठी पहिला बदल आहे. तीन-चार आठवडे तेवढाच राहू द्या. अपवाद एकच, कुंडीला आंबूस वास येत असेल किंवा बुंधा मऊ लागत असेल तर लगेच बाहेर काढा. (पानांना तेल तर कधीच लावू नका. चकाकतात खरी, पण धूळ चिकटते आणि पानांची छिद्रं बुजतात.)

हे तीन-चार आठवडे तिला बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तपकिरी, नखाने निघणारे ठिपके म्हणजे खवले कीड. कोवळ्या शेंड्यावर पिवळेधमक किडे दिसले तर ते तुम्ही आधी कुठेतरी पाहिले असतील. रुईवर असतात तेच ते, पिवळा मावा. होया आणि रुई एकाच कुळातल्या, दोघींचा चीक पांढरा. म्हणून कुंपणाला रुई किंवा कण्हेर असेल तर गच्चीतल्या होयावर हा पाहुणा येणारच. पाण्याच्या धारेने धुवा, मग साबणाचं पातळ पाणी फवारा. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण दर चार-पाच दिवसांनी तीन-चारदा केलं नाही तर तो परत येतो.

आता पाण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त होया इथे जातात. पान सुरकुतलं की आपण म्हणतो तहान लागली. अर्ध्या वेळा ते खरंही असतं. पण मुळं कुजली तरी पान सुरकुततंच, कारण पाणी असूनही ते वर चढवणारं कुणी उरलेलं नसतं. वरून दोन्ही अवस्था सारख्या दिसतात आणि उपाय मात्र अगदी उलटे. एकीला पाणी हवं, दुसरीला पाणी घातलं की संपली.

म्हणून पान बघून पाणी घालू नका, पान बघून कुंडी तपासा. खराट्याची एक काडी तळापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि पान मऊ, तर तहान आहे. तळातून वाहेपर्यंत पाणी घाला, बशीत साठलेलं फेकून द्या. एक-दोन दिवसांत पान ताठ होईल. काडी ओली आणि पान सुरकुतलेलं, तर रोप कुंडीबाहेर काढा. चांगलं मूळ हाताला टणक लागतं. कुजलेलं मूळ ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. कुजलेलं सगळं कापा. थोडी मुळं उरली असतील तर लहान कुंडीत भुसभुशीत मिश्रणात लावा. काहीच उरलं नसेल तर वेलीचे निरोगी तुकडे करून नव्याने रुजवा. प्रत्येक तुकड्यावर दोन तरी पेरं हवीत, म्हणजे पानं जिथून फुटतात त्या गाठी. मुळं त्या गाठींतूनच येतात.

वहिनींच्या तीनपैकी दोन अशाच वाचल्या. तिसरीचा बुंधा वरपर्यंत काळा पडला होता.

कुंडी बदलाल तेव्हा मातीची घ्या, आपल्या पावसाला तीच बरी. आकार आधीच्या कुंडीपेक्षा जेमतेम दोन बोटं मोठा. माझं मिश्रण असं आहे: नारळाच्या सालीचे तुकडे दोन भाग, कोकोपीट एक भाग, परलाइट एक भाग, आणि मूठभर लाकडी कोळसा व गांडूळखत. सालीचे तुकडे आधी रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, क्षार निघून जातात. उजेड भरपूर हवा. पूर्वेच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन उत्तम, पश्चिमेचं एप्रिल-मेमधलं ऊन पानं भाजतं. खिडकीपासून सहा फुटांवर टीव्हीशेजारी ठेवली तर जगेल, फुलणार नाही.

आता नाव. 'होया' हे नाव टॉमस हॉय या इंग्लिश माळ्याच्या नावावरून आलं. तो नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी होता, आणि १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. साहेबाचं नाव न देता माळ्याचं दिलं, हे मला फार आवडतं.

पानांवरून होया ओळखण्याला मर्यादा आहे, हे आधी सांगतो. एकाच वेलीवर उन्हातली पानं लहान-लालसर आणि सावलीतली मोठी-हिरवी असू शकतात. पण नर्सरीत मिळणाऱ्या बहुतेक होया पाच-सहा जातींतल्याच असतात, तेव्हा अंदाज बांधता येतो.

सगळ्यात जास्त मिळते ती कार्नोसा. लंबगोल, जाड, मांसल पान, काहींवर चंदेरी शिंतोडे. फुलं फिकट गुलाबी, मध्ये लाल तारा, झुबक्याने येणारी. हिचीच रंगीत भावंडं म्हणजे 'क्रिम्झन क्वीन' आणि 'क्रिम्झन प्रिन्सेस'. दोघींत घोळ होतो, तर साडी आठवा. राणीच्या पानाला पांढरा-गुलाबी काठ असतो, राजकन्येच्या पानात तो रंग मध्यभागी आणि काठ हिरवा. नुसते पांढरे शेंडे आले तर त्यांच्यात हरितद्रव्य नसतं, ते फार टिकत नाहीत. उलट पूर्ण हिरवी फांदी आली तर ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. रंग हवा असेल तर ती कापा. दोरखंडासारखी पिळलेली पानं असलेली 'कॉम्पॅक्टा' हीदेखील कार्नोसाच. दिसते सुंदर, पण त्या वळ्यांत पिठ्या ढेकूण लपला तर महिनोन् महिने कळत नाही, म्हणून घेताना प्रत्येक वळी उलगडून बघा.

पान कार्नोसापेक्षा लांब, निमुळतं, चंदेरी शिंतोड्यांचं आणि कोवळी पालवी गडद तांबूस असेल तर फिलिपीन्सची प्युबिकॅलिक्स असण्याची शक्यता जास्त. पान गोलसर, पातळ, चकचकीत आणि बिनशिंतोड्याचं, वाढ भराभर, तर ऑस्ट्रालिस. मावसभावाची मला तीच वाटते. हृदयाच्या आकाराचं जाड पान ती केरी. शहापूरच्या जोडप्याला मिळाली ती हीच, कुंडीत खोचलेलं एकच हिरवं हृदय. त्यांना सांगायला जिवावर आलं, पण त्या पानाच्या देठाशी पेर नसेल तर ते वर्षानुवर्षं तसंच एकटं राहतं. मुळं फुटतात, वेल फुटत नाही. वेल हवी असेल तर खोडाचा तुकडा असलेली केरीच विकत घ्यावी लागते.

जात नक्की कळली नाही तरी एक गोष्ट पान सांगतंच. पान जाड म्हणजे पाण्याचा साठा मोठा, कुंडी पूर्ण सुकू द्या. पान पातळ म्हणजे साठा कमी, थोडं आधी पाणी घाला. रोजच्या कामाला एवढी ओळख पुरते.

पक्की ओळख फुलावरच होते. फांदीपासून रुजवलेल्या होयाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. फूल जवळून बघितलंत तर ताऱ्यात तारा दिसेल, रुईच्या फुलाशी नातं लगेच पटेल. माझ्या आत्याच्या खानापूरच्या घरी माडीच्या खिडकीवर एक होया होती. आत्या तिला नुसतं 'मेणाचं फूल' म्हणायची. संध्याकाळ झाली की वास जिन्यापर्यंत यायचा आणि फुलांतून मधासारखा चिकट थेंब गळायचा. घर पाडायचं ठरलं तेव्हा वेल खिडकीच्या गजांत इतकी गुंतली होती की अख्खी निघणं शक्यच नव्हतं. आत्याने कात्री घेतली आणि आम्हा सात भावंडांना एकेक तुकडा दिला, चीक पुसून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. माझ्या तुकड्याला तिसऱ्या वर्षी फुलं आली. कार्नोसाच होती, साधी, हिरव्या पानांची, बाजारात सगळ्यात स्वस्त मिळते ती. हुबळीच्या बहिणीची मेली, तिला मी माझ्यातली फांदी दिली. आत्याने आम्हाला एक गोष्ट बजावली होती: फुलं गळाली तरी मागे राहणारी छोटी खुंटी कापायची नाही. पुढच्या वर्षीची फुलं त्याच खुंटीवर येतात. बिनपानांच्या लांबच लांब काड्या निघतात त्याही कापू नका, पानं त्यांना नंतर फुटतात.

महागड्या नावांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइन दोन पानांच्या तुकड्याला हजारो रुपये मागतात आणि पाटीवरचं नाव हाच पुरावा असतो. फुलाचा फोटो त्याच रोपाचा आहे का, हे विचारा. उत्तर टाळलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणखी एक. आपल्या सह्याद्रीत होया रानात आहेत. होया वायटिआय आहे, आणि अरुंद, टोकाशी कापल्यासारख्या पानांची, एकेकटं पांढरं फूल येणारी होया रेट्युसा आहे. तिचं वर्णन मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या निकोल डाल्झेलनेच केलं. चोर्ला किंवा आंबोलीला पावसाळी सहलीला गेलात तर वर फांद्यांवर नजर टाका, फोटो काढा. पण तुकडा तोडून आणू नका. राखीव जंगलातून झाड आणणं हा गुन्हा आहेच, शिवाय ओल्या रानातून आणलेली वेल घरात बहुधा तगत नाही.

लहान मुलं, मांजर-कुत्री असलेल्यांनी विचारलं होतं. होया विषारी मानली जात नाही. चीक मात्र डोळ्याला लागू देऊ नका, आणि कुळातल्या कण्हेर-रुईला हा नियम लावू नका, त्या विषारीच आहेत.

ओळखीसाठी फोटो पाठवणार असाल तर अख्ख्या वेलीचा एक, पानाच्या दोन्ही बाजूंचे दोन, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, कोवळ्या शेंड्याचा एक, आणि फूल असेल तर समोरून व बाजूने. फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. आणि कुंडीच्या तळाच्या भोकाचाही एक पाठवा.