काडतुसाची चरबी लक्षात राहिली, दारूचे माप विसरले

१/ बुलडाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर हे बल्लाळदेवीच्या टेकडीसाठी परिचित असलेले गाव. भोवताली सोयाबीन, तूर, हरभऱ्याची शेते आहेत आणि ज्ञानगंगा अभयारण्यही फार दूर नाही. पीक भरात आले की या पट्ट्यात रोही आणि रानडुकरे शेतात उतरतात आणि माणसे जागलीला बसतात. अशा जागलीशी विदर्भात आणि कोकणातही एका जुन्या हत्याराचे नाते जडलेले आहे. ते हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. तिच्या नळीत दारू नेमकी किती घालावी, या एका प्रश्नाचा इतिहास या थ्रेडमध्ये मांडला आहे.

२/ ही बंदूक केवळ संग्रहालयातील वस्तू आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती भारताच्या कायद्यात आजही जिवंत आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यालाही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. हा भेद आरंभीच ध्यानात घेतलेला बरा.

३/ आता मूळ मुद्दा. शस्त्रांच्या इतिहासाची आवड असणारी मंडळी तोफांची नावे सांगतात, नळीची लांबी सांगतात, दस्त्यावरील नक्षीकामाची छायाचित्रे टाकतात. त्या नळीत दारू किती पडत असे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः बंदुकीचे सारे शास्त्र त्या मापात साठवलेले आहे. माप ठाऊक नसेल तर उत्तम बंदूकही एक तर फुसका बार काढते, नाही तर धरणाऱ्याचाच घात करते.

४/ ठासणीची बंदूक भरण्याची रीत अशी. प्रथम नळीच्या तोंडातून मोजलेली दारू ओतायची. त्यावर चिंधीत किंवा कातड्यात गुंडाळलेली गोळी ठेवून गजाने ती तळापर्यंत ठासायची. मग तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीत कानाजवळ रंजक घालायची आणि टोपीच्या बंदुकीत टोपी बसवायची. यातील प्रत्येक पायरीवर माणसाचा हात आहे, आणि म्हणून प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. कारखान्यातून तयार काडतूस घेणाऱ्याला ही जबाबदारी उरत नाही.

५/ ‘दारू जास्त, तर मार जास्त’ हा समज सर्वत्र आढळतो आणि तो अर्धाच खरा आहे. दारू दुप्पट केली म्हणून गोळीचा वेग दुप्पट होत नाही. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात, म्हणजे धूर आणि काजळीच्या रूपाने उरतो, आणि तो भारही नळीबाहेर ढकलावा लागतो. एका मर्यादेनंतर वेग नाममात्र वाढतो. नळीवरील दाब आणि खांद्याला बसणारा धक्का मात्र वाढतच जातो. धक्क्याच्या भीतीने नेमबाज चाप ओढण्याआधीच दचकतो आणि नेम ढळतो. रायफलीत आणखी एक अडचण येते. जोर अति झाला तर गोळी नळीतील पिळाच्या खाचांना न जुमानता सरळ निसटते आणि तिला फिरकी मिळत नाही.

६/ दारूचा दाणा हाही मापाचाच भाग आहे. बारीक दाणा लवकर जळतो, म्हणून तितक्याच वजनात तो अधिक दाब निर्माण करतो. यामुळेच तोफेची दारू जाड, बंदुकीची मध्यम आणि रंजकेची अगदी बारीक ठेवत. एका दारूसाठी ठरवलेले माप दुसऱ्या दारूला लावणे म्हणूनच धोक्याचे असते.

७/ नळ्या फुटण्याची कारणे पाहिली तर केवळ ‘जास्त दारू’ एवढेच उत्तर मिळत नाही. गोळी तळापर्यंत न बसता मध्येच अडकली आणि दारू व गोळी यांत पोकळी राहिली, तर ती गोळी नळीत मारलेल्या बुचासारखी ठरते. दुसरे कारण म्हणजे बारावर बार. पहिला बार उडालाच नाही हे गडबडीत न कळल्याने माणूस त्यावर दुसरा ठासतो. १८६३ मध्ये अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि त्यांतील निम्म्या बंदुकांत दोन बार होते, असे त्या वेळच्या मोजणीत सांगितले आहे. कवायत शिकलेल्या सैनिकांची ही गत होती, तर अंधारात एकट्याने जागलीला बसलेल्या माणसाची कल्पना सहज करता येईल.

८/ माप अंदाजातून गणितात कधी आले? बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या लाकडी लोलकावर गोळी झाडायची, लोलक किती मागे जातो ते पाहायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, अशी त्याची युक्ती होती. किती दारूने किती वेग मिळतो, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

९/ आता दोन परिचित बंदुकांची तुलना आपल्या जुन्या वजनांत करून पाहू. कंपनीच्या पलटणींची ‘ब्राऊन बेस’ ही गुळगुळीत नळीची बंदूक. नळी ०.७५ इंचाची, गोळी सुमारे ०.६९ इंचाची. नेपोलियनच्या युद्धकाळात तिच्या काडतुसात सहा ड्रॅम, म्हणजे सुमारे अकरा मासे दारू असे. रंजक त्यातच आली. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीला अवघे अडीच ड्रॅम, म्हणजे साधारण साडेचार मासे पुरत. गोळी मात्र तीन तोळ्यांच्या किंचित आत, म्हणजे ब्राऊन बेसच्या गोळीहून थोडी जडच.

१०/ निम्म्याहून कमी दारूत अधिक लांबचा आणि अधिक अचूक मारा कसा साधला? ब्राऊन बेसमध्ये गोळी आणि नळी यांच्यातील फटीतून बराच जोर वाया जाई, आणि काही दारू रंजकेत खर्च होई. एन्फिल्डला टोपी होती, त्यामुळे रंजक लागत नसे. तिच्या गोळीचे बूड पोकळ होते. बार उडताच ते फुगून नळीच्या खाचांना घट्ट भिडे. म्हणजे नेमकेपणा दारू वाढवून आला नाही, दारू वाया जाणे थांबल्याने आला.

११/ याच एन्फिल्डचे काडतूस १८५७ च्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटते. चरबी, दातांनी तोडायचा कागद, धर्मभावनेला बसलेला धक्का हे सारे आपल्याला पाठ असते, आणि त्याचे महत्त्व वादातीत आहे. तथापि ती कागदी नळी मुळात कशासाठी होती, हे विचारायचे राहून जाते. ते एक माप होते. प्रत्येक शिपायाला दर वेळी तितकीच दारू मिळावी म्हणून ती आधीच मोजून, कागदात बांधून दिली जाई. माप ठरवण्याचा अधिकार त्या कागदाबरोबर शिपायाच्या हातून निघून शस्त्रागाराकडे गेला. चकमक जाऊन टोपी आली, या बदलाची चर्चा पुष्कळ होते. हा बदलही तितकाच मोठा मानला पाहिजे.

१२/ शिकारीच्या रायफलीत माप शोधण्याचे काम मात्र बंदूकधाऱ्याकडेच राहिले. या विषयावरील एक महत्त्वाचे इंग्रजी पुस्तक बुलडाण्याच्या शेजारी वावरलेल्या माणसाचे आहे. जेम्स फॉरसिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी मध्य प्रांताच्या जंगलांत फिरला आणि पुढे निमाडचा डेप्युटी कमिशनर झाला. त्या निमाडात मोडणारे बऱ्हाणपूर बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून आहे. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरील त्याचे पुस्तक १८६३ चे आहे.

१३/ फॉरसिथचा युक्तिवाद असा. जंगलात अंतर डोळ्यांनी जोखावे लागते आणि ते हमखास चुकते. म्हणून गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट हवा. त्यासाठी दारू भरपूर हवी, आणि भरपूर दारूत गोळीने खाचा सोडू नयेत म्हणून नळीतील पीळ अगदी सैल हवा. रत्तलाला चौदा गोळ्या बसतील अशा जाडीच्या नळीसाठी त्याने १०४ इंचांत एक फेरा, इतका सैल पीळ सुचवला. आधीच्या ब्रन्सविक रायफलीत गोळी ३० इंचांतच पूर्ण फेरा घेई. म्हणजे दारू, पीळ, गोळी आणि अंतर ही चारही गणिते एकत्र सोडवल्याशिवाय ‘योग्य माप’ सापडत नाही.

१४/ याच्या दुसऱ्या टोकाला सॅम्युअल बेकर दिसतो. सिलोनमधील हत्तींच्या शिकारीसाठी त्याने बनवून घेतलेल्या रायफलीत सोळा ड्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे दारू पडे. एन्फिल्डच्या सहापटींहून अधिक. हा आकडा ऐकून थरारून जाण्याआधी त्या रायफलीचे वजन पाहावे. ते २१ रत्तल, म्हणजे साडेनऊ किलो होते. ते माप त्या पोलादासाठीच होते. एका बंदुकीचे माप दुसरीत घालणे म्हणजे एकाच्या औषधाचा घोट दुसऱ्याला पाजण्यासारखे आहे.

१५/ येथे एक आक्षेप येईल: आपले शिकारी तर सारे अंदाजानेच भरत. हे चित्र बऱ्याच अंशी साहेबांच्या लेखणीतून आलेले आहे. दारू सांभाळण्याची शिस्त मराठी राज्यव्यवहाराला नवी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हवालदाराने दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोरबंद करावी, असे बजावले आहे. दमट दारूचे मापच बिघडते, हे जाणणाऱ्यांचे हे शब्द आहेत.

१६/ मग खेड्यापाड्यांतले हे ज्ञान क्षीण का झाले? याचे एक कारण १८७८ च्या शस्त्र कायद्यात शोधावे लागेल. ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदी माणसाला बंदुकीसाठी आणि दारूसाठी परवाना आवश्यक ठरला. युरोपियनांना मात्र सूट होती. योग्य माप पुस्तकातून मिळत नाही. थोड्या दारूने आरंभ करायचा, गोळी आणि चिंधी तीच ठेवायची, त्याच निशाणावर पुनःपुन्हा बार टाकायचे, माप अल्पशा फरकाने बदलत जायचे आणि गोळ्या जिथे सर्वांत जवळजवळ पडतील तिथे थांबायचे, ही त्याची रीत. फॉरसिथला हे परवडले. ज्याला दारूच मोजून-मापून मिळते, त्याने शिकण्यासाठी बार आणायचे कुठून? ‘अडाणी शिकारी’ ही प्रतिमा रंगवताना हा प्रश्न विसरता कामा नये.

१७/ आजच्या धोरणासाठीही यात धडा आहे. कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मान्य करतो, तर परवानाधारकाच्या प्रशिक्षणात तिच्या मापाला स्वतंत्र स्थान हवे. बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जायचे नाही. भांड्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, कारण आत ठिणगी उरली असेल तर हातातले भांडेच पेटते. मोजपात्रात घेऊनच ओतायची. १८८४ नंतर प्रचारात आलेली बिनधुराची दारू या नळीत कधीही घालायची नाही. तिचा दाब ही नळी पेलू शकत नाही. इतक्या गोष्टी एका दिवसात शिकवता येतील, आणि त्यांच्या अभावी कोणाचा डोळा किंवा हाताची बोटे जाऊ शकतात.

१८/ शेवटी तरुण इतिहासप्रेमींसाठी. कोणाच्या वाड्यात आजोबा-पणजोबांची बंदूक खुंटीला असेल, तर दसऱ्याला किंवा वरातीला ‘एक बार काढू’ हा मोह टाळावा. शंभर वर्षांच्या गंजाने नळीची ताकद किती उरली, हे डोळ्यांना दिसत नाही. ती रिकामी आहे असेही गृहीत धरू नये. कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून, लाकडी काठी आत हलकेच सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीला बाहेरून लावावी. ती कानाच्या छिद्रापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग स्वतः उकरत न बसता पोलीस ठाण्याला कळवावे.

१९/ आणि पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुनी बंदूक पाहताना तिची लांबी टिपून घ्याल, तेव्हा शेजारच्या कपाटात दारूचे शिंग, मोजपात्र किंवा तोसदान आहे का, तेही पाहा. ती बंदूक चालवणाऱ्याला नेमके काय ठाऊक होते, याचा पुरावा नळीपेक्षा त्या लहानशा मोजपात्रात अधिक सापडेल.

(थ्रेड समाप्त)