हेडलाईटचा श्वास कोंडू नका

जुलैच्या रात्री तवंदी घाटात समोरून येणाऱ्या गाडीचा एक दिवा आंधळा, पिवळट दिसला, की समजावं, काचेला आतून घाम सुटलाय. बल्ब बदलून एलईडी बसवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हे दुखणं सुरू होतं. मग सल्ला ठरलेला: सिलिकॉन मारा, सगळीकडून बंद करून टाका. माझ्या गाडीलाही एका गॅरेजात तेच केलं होतं. महिन्याभरात काचेच्या तळाशी पाणी साठलं.

वरवर हा तर्क बिनतोड वाटतो. पाणी शिरतं म्हणजे फट आहे, फट बुजवली की झालं. पण हेडलाईट मुळात हवाबंद बनवलेलाच नसतो. आतली हवा २७ अंशांवरून ७७ अंशांवर तापली, तर तिचा साधारण सातवा हिस्सा बाहेर पडतो. दिवा गार झाला की तेवढीच हवा पुन्हा आत येते. यासाठीच मागच्या बाजूला वाकड्या रबरी नळ्या किंवा बारीक जाळीची भोकं ठेवलेली असतात. ती बुजवली की आतली वाफ आतच अडकते, आणि घाटातल्या पावसात तापलेला दिवा झटकन गार होताना जिथं सांधा कच्चा असेल तिथून ओली हवा ओढून घेतो. त्यातही आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं असेल, तर त्याची वाफ रिफ्लेक्टरची चकाकी खाते.

दुसरे म्हणतात, खालून भोक पाडा, पाणी निघून जाईल. निघेलही, पण संकेश्वर-आजरा-आंबोली रस्त्यावर चाकांनी उडवलेला चिखल त्याच भोकातून वर येईल. आणि सिलिका जेलच्या पुड्या? निपाणीच्या वखारीतला तंबाखू पावसाळ्यात हवेतली ओल पितो, तशाच त्याही पितात. चार दिवसांत भरतात आणि निकामी होतात.

"एलईडीच वाईट" या म्हणण्यात मात्र अर्धं सत्य आहे. ६०/५५ वॅटच्या हॅलोजनची उष्णता उजेडाबरोबर पुढच्या काचेवर पडते, म्हणून धुकं लवकर विरतं. एलईडीची उष्णता मागच्या पंख्याकडे जाते आणि काच थंडच राहते. पण पाणी काही एलईडी आणत नाही. तिचा पंखा मागे मावत नाही म्हणून बल्बमागचं रबरी झाकण, म्हणजे बूट, कापला जातो किंवा कॅप बसवलीच जात नाही, आणि पाण्याला दार तिथं उघडं मिळतं. त्या मोठ्या दारावर कुणी बोट ठेवत नाही, श्वासाची बारीक वाट तेवढी बुजवतात, याचा मला खरोखर संताप येतो.

म्हणून आधी मागचं झाकण पाहा. बूट फाटला असेल तर नवा घ्या. पंखा आत मावेल अशी खोल कॅप मिळत नसेल तर तो बल्ब काढून मूळचा लावा. नळ्यांतली माती, कोळ्याची जाळी साफ करा. दिवा उतरवून, बल्ब काढून, कोरड्या खोलीत उघडा ठेवा. ड्रायर लावायचाच तर मंद आणि लांबून, नाहीतर प्लास्टिक वाकतं. मग पावसात बेळगावपर्यंत जाऊन या. काचेच्या कडेला पातळ धुकं धरून थोड्या वेळानं विरत असेल, तर दिवा ठीक आहे. थेंब ओघळून तळाशी साचत असतील, तर काच आणि दिव्याच्या प्लास्टिकच्या घराच्या सांध्यातलं सील गेलंय, आणि सिलिकॉनची जागा असलीच तर फक्त तिथं आहे.